पालीसाठी दुसरा माणूस

रविवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी ओसाकाच्या बंदरालगतच्या प्रदर्शन-दालनात तोदा सुमिए हिला तिचं वय विचारण्यात आलं. विचारणारा टेबलाच्या पलीकडे उभा होता. त्याच्या हातात झाकणाची एक पारदर्शक डबी होती, डबीत पांढऱ्या कागदावर केशरी रंगाची एक पाल बसली होती, आणि ही डबी त्या क्षणापर्यंत सुमिएच्या दिशेने येत होती. सुमिएने वय सांगितलं. सदुसष्ट. डबी थांबली, आणि मग आली त्याच रस्त्याने हळूच मागे गेली.

"राग मानू नका, काकू," तो म्हणाला. काजितानी त्याचं नाव. चाळिशीचा, उन्हाने रापलेला, वाकायामाच्या डोंगरउतारावरून व्हॅन हाकत आलेला. "साठीच्या वरच्या गिऱ्हाइकाला आम्ही एवढं एक विचारतोच. तुमच्या नंतर कोण?"

"माझ्या नंतर हे," सुमिए म्हणाली आणि तिने मागे उभ्या असलेल्या लोकरी टोपीवाल्या तरुणाकडे बोट केलं.

"रांगेतलं नाही हो विचारत. एकूणात."

टोपीवाला हसला. मग हसल्याबद्दल कमरेत वाकून त्याने माफी मागितली आणि दोन पावलं मागे सरकून शेजारच्या टेबलावरच्या कासवांकडे बघू लागला. सुमिएही हसली. हसणं तिला या दालनात सकाळपासूनच सोपं जात होतं. पण 'एकूणात' हा शब्द तिच्या कानात जरा वेळ राहिला. गेल्या काही वर्षांत तिला वय पुष्कळांनी विचारलं होतं, दंतवैद्याने, बसच्या पासवाल्याने, लस टोचणाऱ्या मुलीने. त्या सगळ्यांचा प्रश्न तिच्यापाशी येऊन थांबत असे. हा माणूस तिला ओलांडून पलीकडे बघत होता, जसं खिडकीतल्या माणसाला जरा बाजूला व्हायला सांगून आपण बाहेरचं बघतो तसं. गंमत म्हणजे त्याची नजर मुळीच दुष्ट नव्हती. त्याला खरोखरच पलीकडचं बघायचं होतं.

त्याआधी पाव तास त्याने सगळं रीतसर समजावलं होतं. पाल पोस्टाने पाठवायची नाही, विकणाऱ्याने घेणाऱ्याला समोरासमोर उभं करून तोंडी सांगायचं, असा कायदा आहे. म्हणून तर माणसं अशा बाजारांना येतात. तळाला उबेची गादी एका बाजूलाच ठेवायची, म्हणजे तिला गरम-गार निवडता येतं. रातकिड्यांना चुन्याची भुकटी चोळून द्यायची. अंगाची कात निघाली की ती स्वतःच खाते, घाबरायचं नाही. शेपटीला धरायचं नाही, ती शेपटीत चरबी साठवते, शेपटी म्हणजे तिचं कोठार. जगते पंधरा वर्षं, नीट ठेवली तर वीस. सुमिए प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. हे सगळं तिला पाठ होतं. आधीच्या दोन बाजारांत तिने हेच वेगवेगळ्या टेबलांपाशी, दुसऱ्यांच्या पाठीमागे उभं राहून ऐकलं होतं. फक्त वीस या आकड्यात स्वतःचा आकडा मिळवून बघायचं तिला सुचलं नव्हतं. आता तिने मिळवला. सत्त्याऐंशी. तिला तो काही अशक्य वाटला नाही.

"आमच्या घरातल्या बायका चिवट असतात," ती म्हणाली.

"ते सगळेच म्हणतात, काकू. साकाईचे एक आजोबाही म्हणाले होते. रोज टेकडी चढायचे. गेले. घर रिकामं करायला माणसं आली ती पाच आठवड्यांनी. त्यांना कपाटावर एक खेळणं दिसलं, रबराचं. कचऱ्याच्या पिशवीत टाकणार तोच खेळण्याने पापणी लववली." त्याने डबीकडे पाहिलं. "शेपटीवर जगली होती. शेपटी बुटाच्या नाडीएवढी झाली होती. माझी बायको जाऊन घेऊन आली तिला. तेव्हापासून तिचा हा नियम. दुसरा माणूस सांगा. त्याने फोनवर येऊन स्वतःच्या तोंडाने हो म्हणायचं. चिठ्ठी चालत नाही. चिठ्ठीवर लोक वाटेल त्याचं नाव घालतात."

"आणि दुसरा माणूस नसला तर?"

"असतो हो," काजितानी म्हणाला. "प्रत्येकाला असतो. शोधावा लागतो इतकंच." आणि त्याने पिवळ्या कागदी पट्टीचा एक तुकडा फाडला, त्यावर जाड पेनाने 'बोलणी चालू' असं लिहिलं आणि तो डबीच्या झाकणावर चिकटवला. अशा पट्ट्या दालनात ठिकठिकाणी होत्या. बायकोला राजी करायला बाहेर गेलेल्या नवऱ्यांसाठी त्या लावतात. पट्टी आहे तोवर कोणी विचारायचं नाही, बघायला मात्र हरकत नाही. "तीनपर्यंत ठेवतो. मग आवराआवर सुरू होते."

सुमिए तिथून निघाली तेव्हा तिच्या उजव्या तळव्यावर अजून काहीतरी होतं. सकाळी काजितानीने तिला 'हात पुढे करा' म्हटलं, तिच्या दोन्ही हातांवर जंतुनाशकाचा फवारा मारला, आणि हात वाळल्यावर पाल तिच्या तळव्यावर ठेवली. सुमिएला वाटलं होतं पाल गार असेल. ती उबदार होती. नोव्हेंबरचा महिना, काजितानीने डब्यांखाली अंग शेकायच्या पुड्या पसरलेल्या. पाल आधी नुसती बसली. मग तिने एक पुढचा पाय उचलला, हवेत धरला, जणू पायरी कुठे आहे ते आठवतेय, आणि सुमिएच्या अंगठ्याच्या उंचवट्यावर ठेवला. त्या पायाला हात होता. पाच बोटं, प्रत्येक बोट वेगळं, पसरलेलं, टोकाला नखाचा बारीक काळा ठिपका. सुमिएने सवयीने माप घेतलं. हिला आमच्याकडे काही मिळालं नसतं, तिच्या मनात आलं, लहान मुलांच्या कप्प्यातसुद्धा नाही. आणि ती इतकी मोठ्याने हसली की काजितानी म्हणाला, "गुदगुल्या होतात ना? पहिल्या वेळेस सगळ्यांना होतात."

उमेदाच्या एका जुन्या मोठ्या दुकानात, पहिल्या मजल्यावर, सरकत्या जिन्याच्या पायथ्याशी हातमोज्यांचा काउंटर होता. सुमिए तिथे विशीत उभी राहिली आणि निवृत्त झाली तोवर तिथेच होती. काउंटरवर मखमलीची एक छोटी उशी असे. गिऱ्हाइकाने त्यावर कोपर टेकवायचं, हात वर करायचा, बोटं सैल सोडायची. सुमिए मोजा फुंकून उघडायची आणि एकेक बोट आत उतरवायची, करंगळीपासून नाही, मधल्या बोटापासून. शेवटी बोटांच्या मधल्या खाचा आपल्या बोटांनी दाबून बसवायच्या. चेहरे तिच्या लक्षात राहिले नाहीत. लोक तिला बाजारात भेटत, नमस्कार करत, ती गोंधळून बघत राही. मग ते पिशवी या हातातून त्या हातात घेत, आणि तिला आठवे, अरे, या तर साडेसहा नंबर, उजवी तर्जनी डावीपेक्षा जाड, काही वाजवत असाव्यात. अनोळखी माणसं दिवसभर आपला हात तिच्या हातात देत. हातात दिलेला हात थोडा वेळ कोणाचाच नसतो, असं तिला तेव्हा वाटे. हिवाळ्यात बाहेरून आलेले गार हात, प्रेमात पडलेल्यांचे घामेजलेले, नुकतीच अंगठी काढलेले. आता हातमोजे आकड्यावर टांगलेले असतात, प्लास्टिकच्या दोरीने एकमेकांना बांधलेले. ज्याला हवे त्याने आपले आपण घालून बघावे. काउंटर गेला, पाठोपाठ तीही घरी आली. घरी आई होती. आईचे हात चार वर्षं तिने धुतले, पुसले, नखं कापली. मग आई घरात दोनदा पडली आणि स्वतःच म्हणाली, मला किशिवादाच्या वृद्धनिवासात टाक, तिथे तरी गप्पा मारायला माणसं असतील. टाक, हाच शब्द तिने वापरला, आणि बॅग भरताना स्वतः गाणं म्हणत होती. तेव्हापासून सुमिएच्या हातात कोणी हात दिला नव्हता. याचं तिला दुःख होतं असं नाही. फक्त आज सकाळी, त्या पाच ठिपक्यांचा भार अंगठ्याखाली पडला तेव्हा, तिला काय नव्हतं ते एकदम कळलं. पायात खडा रुततो तो चप्पल काढल्यावरच कळतो, तसं. आणि खडा निघाल्याचा आनंद इतका झाला की तिला तिथेच, गर्दीत, कोणाला तरी सांगावंसं वाटलं.

ती या बाजारात पहिल्यांदा आली तीच मुळी चुकून. शेजारच्या दालनात भरतकामाचं प्रदर्शन होतं. स्टेशनातून बाहेर पडल्यावर तिने सर्वांत लांब रांग पाहिली, रांग नीट होती, कोणी बोलत नव्हतं, आणि भरतकामवाल्यांनाच शोभेल अशी शिस्त बघून ती तिच्या शेपटाला जाऊन उभी राहिली. रांगेतल्यांच्या हातात मासे ठेवायला असतात तशा थंडाव्याच्या पेट्या होत्या. दोऱ्यांना थंडावा कशाला, असं तिच्या मनात आलं, पण एवढी माणसं चुकणार नाहीत असंही आलं. आत गेल्यावर पहिल्या टेबलावर एक अजगर झोपला होता. दुसऱ्यावर डब्यांची उतरंड, प्रत्येक डबीत एक पाल, आणि पालीने मान तिरकी करून तिच्याकडे पाहिलं आणि डोळा मिटला, उघडला. सुमिएला लहानपणीच्या तेन्नोजीच्या घराची खिडकी आठवली. उन्हाळ्यात दिव्यापाशी काचेला चिकटलेली पाल, तिचं पांढरं पोट, आतून दिसणारा काळसर ठिपका, बहुतेक नुकताच गिळलेला डास. त्या पालींना पापण्या नव्हत्या, त्या डोळा जिभेने पुसत. ही मात्र डोळे मिटत होती, दुपारी जेवणानंतर माणसं मिटतात तसे. ती भरतकामाकडे गेलीच नाही. बंद व्हायची घंटा होईपर्यंत टेबलामागून टेबल बघत हिंडली. घरी गेल्यावर आरशात पाहिलं तर चेहऱ्यावर रांगेत उभं राहून आल्यासारखं काहीच नव्हतं, उलट कोणाच्या तरी लग्नाला जाऊन आल्यासारखं दिसत होतं.

दालनाच्या मागच्या भिंतीशी बाकं होती. तिथून समुद्राकडचे क्रेन दिसत होते. सुमिएने आधी भाचीला फोन लावला, कोबेला. कानाको एकुलती एक भाची, दोन मुलांची आई, बोलताना भांडी घासण्याचा आवाज.

"मावशी, बोल. पडलीस का?"

"पडले नाही गं. एक विचारायचं होतं. माझ्या नंतर एक पाल सांभाळशील?"

भांड्यांचा आवाज थांबला. "काय सांभाळू?"

सुमिएने सांगितलं. केशरी रंग, शांत स्वभाव, अजिबात आवाज करत नाही. ती ज्या उत्साहाने सांगत होती तो उत्साह तिचा तिलाच ऐकू येत होता.

"मावशी," कानाको म्हणाली, "तुझ्या घराच्या भाड्याला जामीन कोण? मी. मागे डोळ्याचं ऑपरेशन झालं, तिथे सही कोणाची? माझी. आजीच्या निवासात दुसरं नाव कोणाचं? माझंच. आता पालीला पण मीच का?"

"तू हो म्हणशील असं वाटलं."

"प्रत्येक वेळी मीच हो म्हणते म्हणून वाटलं ना? आणि खरं सांगू? मला त्यांची शिसारी येते. तू गेल्यावर मी रडत तुझ्या घरी येणार, आणि तिथे ती बसलेली असणार. नको गं. माणसं सांगशील ती सांभाळते, पाल नको."

रागावली नव्हती. उलट शेवटी म्हणाली, फोटो पाठव, पोरांना दाखवते, मी बघणार नाही. सुमिए फोन ठेवून हसत बसली. त्या हसण्यात काहीतरी टोचत होतं. कानाकोने एकामागून एक सांगितलेलं सगळं खरं होतं, आणि त्यात आपण एक घर, एक डोळा, एक आई असे तुकड्या-तुकड्याने दुसऱ्याच्या नावावर आहोत, हे सुमिएने कधी एकत्र मांडून पाहिलं नव्हतं. कोणी वाईट वागलं नव्हतं. कानाकोचा हात सहा नंबरचा, पहिल्यापासूनच कामाचा. तो आणखी किती धरणार?

दुसरा फोन छत्र्यांच्या काउंटरवरच्या नोगामीला. छत्र्या आणि हातमोजे समोरासमोर होते. पाऊस पडला की नोगामीची चंगळ, थंडी पडली की सुमिएची, आणि दोघी एकमेकींच्या हवेला शिव्या देत. नोगामी दहा वर्षांनी लहान.

"सुमिएताई, पोपट घ्या ना. पोपट असेल तर आत्ताच नेते, तुम्ही जायची वाट कशाला."

"पोपट बोलतो."

"म्हणून तर. तुमच्या घरात कोणीतरी बोलायला हवं."

"पाल बघते. बघणं पुरे आहे."

"अहो, मी विसराळू. छत्री विकणारी बाई पावसात छत्री विसरायची, आठवतं ना? तुमची पाल मी बसमध्ये विसरेन." नोगामीने मग भरपूर वेळ विचारपूस केली, गुडघे, जुना मॅनेजर, कोण मेलं, कोण दुसऱ्यांदा लग्न करतंय. हो मात्र म्हणाली नाही.

त्यानंतर सुमिएने फोनमधली नावं वर-खाली सरकवली. त्यात पाणी तापवायच्या यंत्राचा दुरुस्तीवाला होता, मजल्यावरच्या शेजारीणबाई होत्या, त्यांच्याकडे मांजर होतं. ती आपल्यापेक्षा लहान माणसं शोधत होती, आणि लहान माणसं विरळ होती, आणि होती त्यांचे हात भरलेले होते. काजितानी म्हणाला होता, प्रत्येकाला असतो. तिने पुन्हा टेबलाकडे एक फेरी मारली. डबी जागेवर होती, पिवळी पट्टी जागेवर होती, आणि डबीसमोर लोकरी टोपीवाला वाकून उभा होता.

"काकू, मनापासून सांगतो, तुम्हालाच मिळो," तो सरळ होत म्हणाला. "पण नाहीच मिळाली, तर मी इथे आहे बरं का."

"तुझ्याकडे किती आहेत?"

"अकरा."

"मग ही कशाला?"

त्याने डबीकडे पाहिलं, पालीने त्याच्याकडे. "तुम्हाला माहीत आहे की," तो म्हणाला, आणि सुमिएला मान्य करावं लागलं की तिला माहीत आहे. टेबलावर बाकीच्याही होत्या, पिवळ्या, पांढऱ्या, ठिपक्यांच्या. पण केशरी एकच. काजितानीच्या बापाची संत्र्याची बाग होती. बापामागे त्याने संत्री साठवायची लाकडी कोठी रिकामी केली आणि तिथल्या फळ्यांवर पाली वाढवल्या. तो स्वतःच सगळ्या गिऱ्हाइकांना सांगायचा, म्हातारा संत्री पिकवायचा, मीही संत्रीच पिकवतो, फक्त माझ्यांना पाय आहेत.

सुमिए पुन्हा बाकावर आली. येताना तिने ताकोयाकीचा होडीच्या आकाराचा एक द्रोण घेतला, आत ऑक्टोपसचा तुकडा असलेले गरम गोळे, वरून सुक्या माशाची कात्रणं वाफेवर हलत होती. तोंड भाजलं. तिला वाटलं, नाही मिळाली तरी आजचा दिवस वाया गेला असं कोणी म्हणू शकणार नाही. आणि लगेच कळलं की हे खोटं आहे. ती हवी होती. इतकं सरळ, इतकं लहान मुलासारखं हवं असणं तिला केव्हापासून झालं नव्हतं. फोन वाजला. दर रविवारी जेवण झाल्यावर वाजतो तसा, आईचा. एक्क्याण्णव वर्षांची त्सुरुको किशिवादाच्या वृद्धनिवासातून दर रविवारी जेवणाविषयी तक्रार करायला लेकीला फोन करते.

"सुमी, आज सुपात वांगं होतं. एकच तुकडा. पोहत होता बिचारा, कोणी वाचवायला नाही."

"आई, मी बाजारात आहे."

"मग बरं. काय घेतेस?"

"पाल."

"खायची?"

"पाळायची."

पलीकडे टीव्हीवर कोणीतरी गात होतं. "घासाघीस केलीस का?"

"आई, ते द्यायलाच तयार नाहीत. माझ्या नंतर सांभाळणारं माणूस हवं म्हणतात."

"तुझ्या नंतर म्हणजे तू मेल्यावर?"

"हो."

"मग मी आहे की."

सुमिएच्या हातातली काडी तशीच राहिली. आईने हे कुठल्याही विशेष सुरात म्हटलं नव्हतं. गॅस बंद करायचा राहिला तर मी आहे की, शाळेतून यायला उशीर झाला तर मी आहे की, त्यातलंच. सकाळपासून सुमिए एकाच दिशेने शोधत होती, उतारावरून पाणी जातं त्या दिशेने. वर बघायचं तिच्या मनातही आलं नव्हतं. तिला हसू आलं, आधी पोटात, मग खांद्यांत. शेजारच्या बाकावरच्या बाईने न विचारता तिला कागदी रुमाल दिला. तिने डोळे पुसले आणि फोन तसाच चालू ठेवून टेबलाकडे चालू लागली.

"मिळालं का कोणी?" काजितानीने विचारलं.

"मिळालं. माझी आई."

काजितानीने आपल्या टेबलाकडे पाहिलं, मग छताकडे. "आईंचं वय?"

"एक्क्याण्णव."

"काकू…"

"वरची मर्यादा नाही सांगितली तुम्ही," लोकरी टोपीवाला शेजारून म्हणाला. "मी इथेच होतो. दुसरा माणूस आणि त्याच्या तोंडून हो, एवढंच म्हणालात."

"तू कोणाच्या बाजूने आहेस रे?"

"मी नियमाच्या बाजूने आहे," टोपीवाला म्हणाला, आणि लाल झाला.

सुमिएने फोन डबीशेजारी टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला. काजितानी त्यावर वाकला, दुकानदार वाकतो तसा, पुरता. "आजी, नमस्कार. मी पालवाला. तुमच्या लेकीच्या नंतर ही पाल तुम्ही…"

"ही जाणार कधी? डॉक्टर काही म्हणालाय का?"

"नाही नाही, तसं काहीच नाही, ठणठणीत आहेत."

"मग घाई कसली? देऊन टाक तिला. सातवीत एकदा मांजर मागितलं होतं पोरीने, ह्यांनी आणू दिलं नाही. तेव्हापासून काही मागितलेलं नाही तिने."

सुमिएला ते मांजर आठवत नव्हतं. तिने आठवायचा प्रयत्न केला. सातवीतला वर्ग आठवला, बाकावरची शाईची दौत आठवली, मांजर नाही. म्हणजे ते इतकी वर्षं आईकडे होतं.

"आजी, तुमचं हो धरलं," काजितानी म्हणाला. "पण तुमच्या नंतर?"

"माझ्या नंतर…" पलीकडे खुर्ची सरकली. आई फोनपासून तोंड दूर करून ओरडली, "मोरिवाकीसान! पाल सांभाळाल का? आत्ता नाही हो, मी गेल्यावर! … हो म्हणतात. मासे विकायचे पूर्वी, थंड रक्ताचं त्यांना कळतं. अठ्ठ्याऐंशीच आहेत, माझ्याहून लहान." मग आणखी आवाज आले. कोणाला पाल म्हणजे सुसर वाटली होती, कोणी म्हणत होतं आमच्या गच्चीवर असायच्या, कोणी विचारत होतं ती पत्ते खेळते का. शेवटी एक तरुण आवाज फोनवर आला. "मी हामागुची, इथे काम करते. माफ करा, काय चाललंय कळेल का? इथे अर्धी बैठक हात वर करून बसली आहे."

काजितानीने सांगितलं. टोपीवाला, कासवांचा दुकानदार आणि दोन अनोळखी बाया ऐकत उभ्या होत्या. हामागुचीने मध्ये एकदाही हसू ऐकू येऊ दिलं नाही. "मला स्वतःला भीती नाही वाटत," ती म्हणाली. "पण संस्थेला विचारावं लागेल. व्यवस्थापक उद्या येतील. मी आज हो म्हटलं तर ते माझं हो होईल, संस्थेचं नाही."

"हे बरोबर बोलली," काजितानी हळूच म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर आता एक विचित्र भाव होता. सुमिएने तो ओळखला. दोन मोजे हातात घेऊन कोणता द्यावा हे न कळणाऱ्या दुकानदाराचा. "काकू, नियम माझा नाही. बायकोचा आहे. ती येतेय बघा."

चिनात्सु हातात चहाच्या दोन बाटल्या घेऊन गर्दीतून येत होती, बारीक, केस मागे बांधलेले, बाह्या कोपरापर्यंत गुंडाळलेल्या. साकाईच्या त्या घरात जाऊन रबराचं खेळणं उचलून आणणारी ही. नवऱ्याने तिला चार वाक्यांत सगळं सांगितलं. ती हसली नाही. बाटल्या टेबलाखाली ठेवल्या, हातांवर फवारा मारला, हात चोळले, आणि फोनकडे वळली.

"आजी, मला एकच सांगा. जिवंत रातकिडा चिमटीत धरता येईल का तुम्हाला?"

फोनमधून टीव्हीवरचं गाणं येत राहिलं, मग तेही कोणीतरी बारीक केलं. सुमिएला जाणवलं की आपण श्वास रोखून धरला आहे, परीक्षेच्या निकालाला धरतात तसा, आणि त्याच वेळी आपल्याला कमालीचं बरं वाटतंय; किशिवादाच्या त्या खोलीत आत्ता सगळी म्हातारी माणसं आपल्या बाजूने गप्प बसली आहेत.

"केवढा असतो?" आईने विचारलं.

चिनात्सुने अंगठा आणि तर्जनी जवळ आणून दाखवलं. मग तिच्या लक्षात आलं, आणि पहिल्यांदाच तिच्या ओठाचा कोपरा हलला. "नखाएवढा, आजी."

"कोणाच्या?"

चिनात्सुने स्वतःचं नख उजेडात धरलं. ते घासलेलं, तुटलेलं होतं. तिने नवऱ्याचा हात ओढला, पाहिला, सोडून दिला. मग ती सुमिएकडे वळली.

"काकू, हात द्या बरं."

सुमिएने हात पुढे केला. कुठे टेकवायचा ते न कळून तिने तो हवेतच धरला, बोटं सैल सोडून. चिनात्सुने तो आपल्या ओलसर, फवाऱ्याचा वास येणाऱ्या हातात घेतला आणि दिव्याखाली आणून एकेक बोट वेगळं करत बघू लागली, करंगळी, तिच्या शेजारचं, मधलं. त्या वेळी तीन वाजायला आठ मिनिटं होती. डबीत पालीने डोळे मिटले होते. फोनवर आई दुसऱ्यांदा विचारत होती, कोणाच्या, आणि चिनात्सुने अजून उत्तर दिलं नव्हतं, आणि हातही सोडला नव्हता.